लगची बैठक: लष्करी ॲक्शनवर बांधलेल्या एका जुन्या स्पोर्टिंग रायफलची तपासणी

रायफल मित्राला घ्यायची होती. "एकदा नजर टाक" एवढंच म्हणून त्याने मला बरोबर नेलं. विकणारे काका सत्तरी ओलांडलेले, आयुष्यभर नेमबाजी केलेले. त्यांनी टेबलावर जाड कापड अंथरलं, रायफल त्यावर हलकेच ठेवली आणि दोन पावलं मागे सरले. मित्राने ती उचलून खांद्याला लावली, गाल दस्त्यावर टेकवला, आणि त्याचा चेहरा बघून मला कळलं की मनातल्या मनात सौदा झालेला आहे.

त्याला दोष देता येत नाही. अक्रोडाचा दस्ता तेल मुरून मुरून मधाच्या रंगाला आलेला, मुठीवरची जाळी हाताने कोरलेली आणि एकही रेघ न चुकलेली, नळी सडपातळ, वर चांगल्या प्रतीची दुर्बीण. बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा सरकता दांडा, ओढला की तेल दिलेल्या कडीसारखा मागे येत होता. कुणीतरी जीव ओतून हे काम केलं होतं, आणि काकांनी ते तितक्याच जिवापाड सांभाळलं होतं.

दोन दिवसांत मिळून पाचेक तास आम्ही त्या रायफलवर घालवले. मुख्य खोट सापडली ती शेवटच्या तासात. वरवरच्या पाहणीत ती कुणालाच दिसली नसती, म्हणून सगळा प्रकार क्रमाने लिहितो.

हातात काय आलं होतं

सगळ्यात आधी बोल्ट उघडला, मॅगझीनमध्ये डोकावलो, चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या पोकळीत, करंगळी घालून ते रिकामं असल्याची खात्री केली. मग डाव्या बाजूचा बोल्ट-स्टॉप बाहेर ओढून बोल्टच काढून घेतला. रायफल कितीही ओळखीच्या माणसाची असो, बोल्ट बाहेर आल्याशिवाय तिच्या नळीत डोळा लावायचा नाही.

रिसीव्हरच्या, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या पोलादी घराच्या, पुढच्या कड्यावर, जिथे एरवी देशाची मुद्रा किंवा कारखान्याचं नाव आणि साल असतं, तिथे गुळगुळीत काळा पृष्ठभाग होता. सगळं घासून काढलेलं. त्यामुळे ही ॲक्शन, म्हणजे रिसीव्हर आणि बोल्ट मिळून होणारी यंत्रणा, कुठल्या कारखान्याची आणि कुठल्या वर्षाची, हे सांगायला रायफलवर काहीच उरलं नव्हतं. पण बांधणी बोलत होती. बोल्टच्या तोंडाशी दोन दांडगे कान, ज्यांना लग म्हणतात. मागे हँडलच्या अलीकडे, खालच्या अंगाला तिसरा, राखीव लग. काडतुसाची कड पहिल्यापासून पकडून ठेवणारा लांब पंजासारखा एक्स्ट्रॅक्टर. बोल्टच्या अंगावर वायू बाहेर सोडणारी दोन भोकं. आणि डाव्या भिंतीत अंगठ्यासाठी दिलेली खाच. ही पॉल माउझरची १८९८ ची रचना, जी जर्मन सैन्याने त्याच वर्षी 'गेवेअर ९८' म्हणून स्वीकारली. तिच्या आधीच्या १८९३, १८९५, १८९६ च्या माउझरमध्ये तिसरा लग नसतो आणि फुटलेल्या पुंगळीचा (काडतुसाच्या पितळी नळकांडीचा) वायू अडवण्याची सोयही तोकडी असते. पुढच्या कड्याचा व्यास व्हर्नियरने मोजला तर ३५.८ मिलिमीटर भरला. म्हणजे जाड कड्याची ९८. सुरुवात तरी चांगली होती.

अशा रायफली जगात अमाप आहेत. दोन्ही महायुद्धांनंतर लष्करी माउझर ढिगाने बाजारात आल्या आणि बंदूक-कारागिरांनी त्यांच्या जड लाकडी खोळी काढून, नळ्या बदलून शिकारी रायफली बांधल्या. अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने लष्करी जादा मालाची आयात अडवली, तोवर तिथल्या घरगुती वर्कशॉपांत हे काम जोरात चालू होतं. यात एक फरक नीट लक्षात ठेवायला हवा. शिकारी जिम कॉर्बेटला १९०७ मध्ये भेट मिळालेली .२७५ रिग्बी हीसुद्धा माउझरच, पण ती पहिल्यापासून शिकारी रायफल म्हणून बांधलेली. आमच्या टेबलावरची रायफल सैनिकासाठी घडली, मग कुणीतरी ती उघडली, घासली, भोकं पाडली, वितळजोड केली. मूळ कारखान्याची तपासणी त्या मागच्या कामांना लागू होत नाही. म्हणून अशा रायफलचं परीक्षण करताना मी मूळ घडणीवर फार वेळ घालवत नाही. नंतरच्या प्रत्येक हाताने काय केलं ते एकेक करून वाचत जातो.

सुधारता येणाऱ्या गोष्टी

नळी नंतर बसवलेली, बाजारात मिळणाऱ्या चांगल्या जातीची. आतल्या खाचा धारदार, तोंडाची कड स्वच्छ, कुठे फुगवटा नाही. नळीतून उजेडाकडे बघताना मध्येच गडद कडं दिसलं तर नळी फुगलेली असते. इथे सावली शेवटपर्यंत सरळ गेली. नळीवर .३०-०६ हे काडतुसाचं माप कोरलेलं होतं. कोरलेल्यावर विसंबायचं नाही, कारण आठ मिलिमीटरच्या मूळ नळीला .३०-०६ च्या पुंगळीसाठी खोल करून घेतलेल्या, '८ मिमी-०६' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रायफलीही त्या काळात भरपूर झाल्या. चेंबरमध्ये कमी उष्णतेत वितळणारा मिश्रधातू ओतून छाप घेतली. मापं बरोबर निघाली.

बदललेल्या नळीची दाब-चाचणी झाल्याची खूण मात्र कुठेच नव्हती. ज्या देशांत प्रूफ हाउसची पद्धत आहे तिथे नळी बदलली की पुन्हा चाचणी घ्यावी लागते आणि तसा शिक्का पडतो. जिथे ती पद्धत नाही तिथे शिक्का नसणं हा दोष नव्हे, पण मग खात्री आपली आपणच करायची.

बोल्टचं मूळ सरळ हँडल कापून वाकडं हँडल वितळजोडाने बसवलेलं होतं, दुर्बिणीखालून हात जावा म्हणून. इथे दोन गोष्टी बघितल्या. वितळजोडाची आच मागच्या उतरत्या खाचेपर्यंत, म्हणजे फायरिंग पिनला (काडतुसाच्या तळावर आपटणाऱ्या सुईला) मागे ढकलणाऱ्या कॅमपर्यंत, पोचली असेल तर ती खाच मऊ पडून खरवडली जाते. तिची कड शाबूत होती. दुसरं, हँडल उचलताना त्याचं मूळ रिसीव्हरच्या मागच्या उतारावर घासून पुंगळीला पहिला हिसका देतं. हँडल केसभर चुकीच्या जागी जोडलं तर तो हिसका नाहीसा होतो. इथे तोही नीट बसत होता. बोल्टचा क्रमांक रिसीव्हरशी जुळत नव्हता. ते टिपून ठेवलं.

पाच डमी काडतुसं मॅगझीनमध्ये भरून सावकाश, मग झपाट्याने चालवली. सगळी बिनबोभाट आत गेली आणि बाहेर पडली. .३०-०६ चं काडतूस पूर्ण लांबीला ८४.८ मिलिमीटर, मूळ लष्करी ७.९२×५७ चं ८२. त्यामुळे मॅगझीनची पुढची भिंत आणि काडतूस वर चढवणारा उतार थोडा मागेपुढे करावा लागतो. तेवढंच केलं होतं. लांब मॅग्नम काडतुसांसाठी हाच उतार खूप कापला की खालच्या लगच्या पाठीमागचं पोलाद पातळ होतं. तशा रायफलला मी पुढचं काहीच न तपासता नकार देतो.

दोष दोन सापडले. दस्त्याला रिसीव्हरच्या शेपटीमागे पाऊण इंचाची केसासारखी भेग होती. याचा अर्थ धक्का खालच्या रिकॉइल लगवर (रिसीव्हरच्या पोटाखालच्या, धक्का झेलणाऱ्या कानावर) जाण्याऐवजी शेपटीवर जात होता. शेपटीमागे जरा मोकळीक देऊन बेडिंग, म्हणजे रिसीव्हरची लाकडातली बसवणूक, पुन्हा केलं की भागतं. दुसरा दोष जास्त गंभीर. लष्करी दुहेरी टप्प्याचा ट्रिगर काढून हलका एकेरी ट्रिगर बसवला होता, सेफ्टी त्याच्याच बाजूला. रिकामी रायफल, सेफ्टी लावली, ट्रिगर दाबला, सोडला, मग सेफ्टी काढली. खट्. कुणीही ट्रिगरला हात न लावता पिन पुढे पडली. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

काकांचा चेहरा उतरला. "हे मला कधीच कळलं नाही," ते म्हणाले. सेफ्टी लावून ट्रिगर दाबायची वेळच त्यांच्यावर कधी आली नव्हती, इतके ते शिस्तीचे. पण हाही दोष दुरुस्त होण्याजोगा. ट्रिगर बदलायचा, नाहीतर जाणत्या हाताने जुळवून घ्यायचा. मित्र निवांत होता. "म्हणजे दोन कामं. ती मी करून घेतो."

दुर्बिणीची भोकं

दुसऱ्या दिवशी काकांच्या संमतीने दस्ता उतरवला आणि दुर्बिणीचे आधारही काढले.

या जुन्या ॲक्शनचं पोलाद आजच्या मिश्रधातूंसारखं आरपार कडक नसतं. गाभा कमी कार्बनचा, चिवट; त्यावर कार्बन मुरवून कडक केलेला पातळ थर. हेतू असा की बार जास्त झाला तर कडं तडकून उडण्याऐवजी ताणलं जावं. हा हेतू किती महत्त्वाचा हे अमेरिकी सैन्याच्या स्प्रिंगफील्ड १९०३ रायफलच्या इतिहासात दिसतं. स्प्रिंगफील्ड शस्त्रागारात ८,००,००० क्रमांकापर्यंत आणि रॉक आयलंडमध्ये २,८५,५०७ पर्यंत बनलेले रिसीव्हर घडवताना काही वेळा पोलाद नुसत्या डोळ्याच्या अंदाजाने जास्त तापवलं गेलं. काही ठिसूळ निघाले आणि फुटले. तिथे धोका फुटण्याचा. ९८ मध्ये धोका उलटा. वरचा थर कडक आहे तोवर सगळं ठीक, त्याचं पाणी उतरलं की आतलं मऊ पोलाद उघडं पडतं.

आणि नेमका हा कडक थर दुर्बिणीची भोकं पाडणाऱ्याच्या आड येतो. साधा ड्रिल त्यावर घसरतो, आटे पाडणारा टॅप आत मोडतो. मग काही कारागीर सोपी वाट धरतात: जिथे भोक पाडायचं तिथे ज्योत लावून तेवढा ठिपका मऊ करून घेतात. टोकदार साधनाने एक ठिपका तापवला तर फारसं बिघडत नाही. पण ज्योत जरा जास्त वेळ राहिली, कडं जरा जास्त लाल झालं, तर आच त्याच कड्याच्या आतल्या बाजूला पोचते. बोल्ट बंद केल्यावर माउझरचा एक लग वर जातो, एक खाली. वरचा लग बरोबर त्याच भोकांच्या खाली बसतो.

भोकं बघितली. आटे विलक्षण सुबक, एकही दाता खरवडलेला नाही. लोण्यात पाडावेत तसे. कौतुक वाटावं असं काम, आणि मला तिथेच पहिली शंका आली.

लाकडाखाली झाकला जाणारा कड्याचा भाग काकांना दाखवला आणि नव्या बारीक कानशीचं टोक तिथे हलकेच फिरवायची परवानगी मागितली. आधी मागच्या पुलाच्या, म्हणजे रिसीव्हरच्या मागच्या कमानीच्या, बाजूला फिरवलं. कानस काचेवरून घसरावी तशी गेली, नुसता कर्कश आवाज. मग पुढच्या कड्यावर, भोकांपासून बोटभर खाली. तिथे कानस धरली. अगदी थोडी, पण धरली, आणि कापडावर चमकता कीस पडला. कानशीची चाचणी फक्त कातडं सांगते, हे मला मान्य आहे. एवढ्यावर मी कुणाच्याही रायफलला मोडीत काढणार नाही. पण आता बघायचं कुठे ते ठरलं.

लगची बैठक

बार उडतो तेव्हा पुंगळीचा तळ बोल्टला मागे ढकलतो. युरोपातल्या सीआयपी मानकात .३०-०६ साठी कमाल दाब ४०५० बार (इथे 'बार' हे दाबाचं एकक) धरला आहे. पुंगळीच्या तळाचं आतलं क्षेत्रफळ घेऊन हिशेब केला तर दोन लगवर मिळून तीन टनांहून जास्त जोर येतो. हा जोर रिसीव्हरच्या आतल्या दोन छोट्या बैठकी झेलतात. बैठक मऊ असेल तर दर बाराला लग तिच्यात किंचित रुतत जातो. कितीतरी बारांनंतर तिथे उथळ खोबण तयार होते, लग त्या खोबणीत जाऊन बसतो, आणि बोल्ट तेवढा मागे सरकतो.

या खोबणीची एक खूण हाताला कळते. बंद बोल्ट उघडताना लगला त्या खोबणीतून वर चढावं लागतं, म्हणून हँडल सुरुवातीलाच अडतं. अडचण अशी की ९८ ही उघडताना कॉक होणारी रायफल. हँडल उचलताना स्प्रिंग दाबण्याचा जोर लागतोच, आणि ही ठेच त्या जोरात बुडून जाते. वर्षानुवर्षं वापरणाऱ्यालाही ती जाणवत नाही.

म्हणून फायरिंग पिनचा सगळा संच बोल्टमधून काढला. एक्स्ट्रॅक्टरही काढला. आता हातात नुसती नळकांडी राहिली. ती रिसीव्हरमध्ये सरकवली आणि हँडलला नुसता धक्का दिला. ते आपल्याच वजनाने खाली गेलं. मग फक्त तर्जनीने, नखाच्या टोकाने, ते वर उचललं.

अडलं. जेमतेम. ड्रॉवरच्या चुंबकी पट्टीतून दार सुटताना जेवढं अडतं तेवढं, आणि मग मोकळं वर आलं. मी मित्राचा हात धरून त्याचं बोट तिथे ठेवलं. त्याने तीनदा उचलून बघितलं. काकांनीही बघितलं. कुणी काही बोललं नाही.

लगच्या पाठीवर मेणबत्तीची काजळी धरली, गेजच्या (काडतुसाच्या जागी बसणाऱ्या पोलादी मापाच्या) तळाला टेपचा एक तुकडा चिकटवला म्हणजे बोल्टवर मागे दाब येईल, आणि बोल्ट बंद करून उघडला. खालच्या लगवरची काजळी सगळीकडून पुसली गेली होती. वरच्या लगवर नुसती बाहेरची कड पुसलेली. मधला भाग जसाच्या तसा काळा. धड एकच लग भार घेत होता. मग दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसा छोटा आरसा मागून आत घातला, टॉर्च धरला. वरच्या बैठकीवर उजेड आडवा पाडला तेव्हा पायरी दिसली: घासून चकचकीत झालेला खोलगट चंद्रकोरीसारखा भाग, आणि त्याच्या कडेला न वापरलेलं मूळ पोलाद. वाकवलेल्या सुईचं टोक त्यावरून ओढलं तर पायरीवर अडकलं. खालच्या बैठकीतही पायरी होती, पण तिला शोधावं लागलं.

आता गेजने हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टच्या तोंडापासून चेंबरच्या खांद्यापर्यंतचं अंतर, मोजायची होती. गो गेज सगळ्यात आखूड, नो-गो त्याहून लांब, फील्ड सगळ्यात लांब. गो गेजवर बोल्ट बंद झाला, तसा व्हायलाच हवा. नो-गो गेजवर व्हायला नको होता. तो त्यावरही कसलाच अडथळा न येता बंद झाला. फील्ड गेजवर मात्र हँडल शेवटच्या अर्ध्या इंचावर थांबलं. गो आणि फील्ड यांतलं अंतर .३०-०६ साठी पाव मिलिमीटर आहे. तेवढ्या पाव मिलिमीटरात कुठेतरी ही रायफल उभी होती.

"फील्डवर बंद होत नाही ना? मग चालेल की," मित्र म्हणाला. प्रश्न रास्त होता. जुन्या लष्करी रायफलींच्या बाबतीत नेमबाज हाच निकष लावतात: नो-गो गिळला तरी फील्ड गिळत नाही तोवर रायफल वापरात ठेवायला हरकत नाही.

माझं म्हणणं इथे वेगळं होतं आणि अजूनही आहे. चेंबरच जरा खोल कापलं गेल्यामुळे हेडस्पेस वाढलेली असेल, तर ते माप जिथे आहे तिथेच राहतं. आज जेवढं आहे तेवढंच हजार बारांनंतर. लगची बैठक रुतल्यामुळे वाढलेलं माप पुढे सरकत असतं. गेज आजचा आकडा सांगतो. तो थांबलेला आहे की चालू आहे, हे गेज सांगू शकत नाही.

काकांची वही

ते सांगणारी गोष्ट काकांकडेच होती, हे आमचं नशीब.

काका काडतुसं स्वतः भरायचे. थोड्या वेळाने ते आत गेले आणि पुंगळ्यांचे डबे घेऊन आले. "अलीकडे पितळ बरोबर येत नाही," ते म्हणाले. "पूर्वी सात-आठ वेळा भरायचो. आता तिसऱ्या-चौथ्या वेळेलाच तळाशी रेघ येते." पुंगळ्या उजेडात धरल्या. तळापासून सेंटिमीटरभर वर, सभोवार, फिकट चकाकणारं कडं. सरळ केलेल्या पेपर क्लिपचं टोक वाकवून एका पुंगळीत घातलं आणि आतल्या भिंतीवरून तळाकडून वर ओढलं. कड्याच्या जागी टोक एका खोलगट भागात घसरलं. म्हणजे भिंत तिथे आतून पातळ झाली होती. बोल्ट मागे सरकलेला असेल तर बार उडताना पुंगळीचं पुढचं अंग चेंबरला घट्ट चिकटतं, तळ मागे ओढला जातो, आणि पितळ मधेच ताणलं जातं. पुढची पायरी म्हणजे पुंगळी तिथून तुटणं आणि उच्च दाबाचा वायू मागे येणं. ९८ मध्ये त्या वायूला वाट देण्याची चांगली सोय आहे, पण त्या सोयीची परीक्षा आपल्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर घ्यायची नसते.

पितळाचा दोष नव्हता. पण हे काकांना नुसतं सांगून पटवायचं माझ्या जिवावर आलं होतं. तेवढ्यात त्यांनी वही उघडली.

नवा लॉट सुरू केला की पहिल्यांदा उडालेली एक पुंगळी ते न दाबता, न साफ करता वहीत टेपने चिकटवून ठेवायचे. खाली तारीख, पावडर, वजन. अशा पाच पुंगळ्या होत्या, कितीतरी वर्षांच्या अंतराने. पहिल्यांदा उडालेली पुंगळी म्हणजे त्या दिवशीच्या चेंबरचा साचाच. पाचही सोडवून घेतल्या आणि खांद्यापासून तळापर्यंतचं अंतर कंपॅरेटरने मोजलं. भरलेलं वजन वहीप्रमाणे सगळीकडे जवळपास सारखंच.

पहिल्या दोन पुंगळ्यांत फरक नगण्य. तिसरी किंचित लांब. चौथी आणखी. पाचवी पहिलीपेक्षा ०.१५ मिलिमीटर लांब.

काकांनी पाचही ओळीने उभ्या केल्या आणि मोजमाप स्वतः पुन्हा करून बघितलं. शेवटची मोजून झाल्यावर कंपॅरेटर खाली ठेवला आणि म्हणाले, "सरकतोय."

निर्णय

मित्राने रायफल घेतली नाही. त्याला वाईट वाटलं, आणि मला ते दिसत होतं.

दुरुस्तीचा विचार केला नाही असं नाही. नळी काढून बैठकी नव्याने सरळ कापता येतात, रिसीव्हरला पुन्हा कार्बन मुरवून कडक करता येतं, मग नळीचं मागचं टोक थोडं कापून हेडस्पेस पुन्हा जुळवता येते. हे काम करणारे निष्णात लोक आहेत. पण कडक करताना रिसीव्हर वाकण्याचा धोका असतो, आणि इथे पोलाद कुठलं, किती तापलं, आच कुठवर गेली याची काहीच नोंद नव्हती. कुणाच्या ज्योतीने ते झालं हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. वरची बैठक जास्त रुतलेली, त्यावरचं कडं कानशीला मऊ, मागचा पूल अजून कडक, भोकं लोण्यासारखी सुबक. हे सगळं एकाच दिशेला बोट दाखवतं, इतकंच. कारण काहीही असो, रुतलेली बैठक ही रुतलेलीच. अनोळखी पोलादावर एवढा खर्च करून मित्राने आपला गाल त्यामागे ठेवावा, हे मला मान्य नव्हतं.

दुसरा मार्ग मी काकांना सांगितला. नळी उत्तम आहे, दस्ता भेग भरून घेतली की आणखी एक पिढी टिकेल. ९८ च्याच धर्तीवर बनलेली, धड पोलादाची ॲक्शन मिळाली तर नळी तीवर बसवून चेंबर आणि हेडस्पेस नव्याने जुळवता येईल, लाकूडही जवळपास तेच चालेल. त्यांनी ऐकून घेतलं. "बघू," म्हणाले.

निघताना त्यांनी बोल्ट वेगळ्या कपाटात ठेवला. पुठ्ठ्याची एक चिठ्ठी करून तिच्यावर मोठ्या अक्षरात 'डागू नये. लगची बैठक रुतली आहे' असं लिहिलं आणि ती ट्रिगर गार्डला तारेने घट्ट बांधली, म्हणजे आपल्यामागे कुणी ही रायफल हातात घेतली तर आधी ती चिठ्ठी वाचेल. मग पाचही पुंगळ्या वहीत होत्या त्या जागी परत चिकटवल्या. पाचवीच्या खाली तारीख होतीच. त्यांनी पेनने तिच्यापुढे एक शब्द लिहिला: शेवटची.